उजव्या बाजूचं स्टूल

भात शिजला की आमचा कुकर एक चिमुकली धून वाजवतो. दुपारी घर निजलेलं असताना ती मिरवणुकीतल्या बँडसारखी वाटते. त्या दिवशीही ती वाजली आणि माझं बोट जरासं उशिरा पडलं. पडद्यावरच्या माझ्या वल्हेवालीने हवेतच वल्हं फिरवलं आणि ती रिकामी खाली आली. समोरचा सरावाचा पुतळा कधी मारत नाही, कधी चिडत नाही. तो उठून पुन्हा मार खायला उभा राहिला.

मी मागे वळून पाहिलं. माझ्या लेकीने, सुझुनाने, कूस बदलली, तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळलं आणि पुन्हा शांत झाली.

माझा सगळा अभ्यास तिच्या झोपेतला. टीव्हीचा आवाज बंद, बटणांखाली जाड कापडाचे गोल तुकडे चिकटवलेले, खेळायची दांडी मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवलेली. तिची झोप म्हणजे माझी शाळा. ती लवकर उठली की शाळा सुटली.

शिकत होते ती एकच साखळी. वल्हेवालीने खाली वाकून पाय मारायचा, वल्ह्याने समोरच्याला उचलायचं, तो जमिनीला टेकायच्या आत पुन्हा गाठायचं, आणि असं त्याचं बळ संपेपर्यंत त्याला खाली येऊ द्यायचं नाही. सांगायला सोपं आहे. दर दोन ठोक्यांमधलं अंतर वेगळं, आणि त्यात पापणी लवण्याइतकीही सवलत नाही. ते अंतर मी भाजी चिरताना सुरीने फळीवर वाजवायचे, सुझुनाला न्हाऊ घालताना तिच्या पाठीवर. ट-टक, टक, धप्प. तिला ते गाणंच वाटायचं. साबणाच्या फेसात बसून तीही म्हणायची, "ट-टक, टक, धप्प!"

आमच्याकडे हे मारामारीचे खेळ आधी गेम सेंटरमध्ये येतात. घरी यायला वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. त्या वर्षात जे यंत्रासमोर बसतात ते शिकून सवरून बसतात. बाकीचे घरी टीव्हीला जोडायच्या खेळाची वाट बघतात, आणि तो येतो तेव्हा शहाणे लोक पुढे निघून गेलेले असतात. 'धुक्याचा आखाडा', म्हणजे हाच वल्हेवालीचा खेळ, आमच्या ताकामात्सु शहरात आला तो सुझुना पोटात असतानाच्या हिवाळ्यात. छप्पर घातलेल्या बाजारपेठेत, चपलांच्या दुकानाच्या माडीवर, मिनातो नावाचं गेम सेंटर आहे. तिथे पाठीला पाठ लावून दोन यंत्रं ठेवलेली. इकडे तू, तिकडे तो. मध्ये यंत्रांची भिंत. समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि डोकावून बघायचंही नाही, अशी आमची रीत. दिसतं ते फक्त पडद्यावरचं नाव.

माझं नाव गार उदोन, आमच्याकडच्या जाड शेवयांवरून घेतलेलं. त्याचं नाव कमळकाकडी.

कित्येक वर्षं मी त्याच्याशी खेळले, एक शब्द न बोलता. गरम पेयांच्या यंत्राजवळचं, पडद्यात डावीकडे उभं करणारं स्टूल नेहमी त्याचं. पलीकडचं, उजव्या बाजूचं, नेहमी माझं. म्हातारा माणूस आहे एवढं ठाऊक होतं, कारण यंत्राखालून त्याच्या तपकिरी चपला आणि काठी दिसायची. जुन्या खेळात मी त्याला कधीमधी हरवायचे. आपण एखाद्या लांब साखळीत सापडलो, आता काही करता येणार नाही, असं कळलं की मिनातोमधली जुनी मंडळी दांडी सोडून हात मांडीवर ठेवतात. ओढाताण करत नाहीत. 'छान मारलंस' असं म्हणायची ती आमची पद्धत. तो तसं करायचा की नाही, मला कधी दिसलं नाही. यंत्र मध्ये होतं.

नव्या खेळात त्याने मला पार धुऊन काढलं. मी वल्हेवाली धरून बसले, आणि ती तर शिकायला सगळ्यात अवघड. मग माझं पोट दिसू लागलं. एके दिवशी लक्षात आलं की पलीकडून सिगारेटचा धूर येत नाही. त्याने राखेचं भांडं उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवलं होतं. मला किती बरं वाटलं! पण त्याच आठवड्यात मी जिंकू लागले. जिथे तो झोपेतसुद्धा चुकणार नाही तिथे तो चुकायचा. आधी मी हुरळले. मग समजलं, आणि कानशिलं तापली. पोटात बाळ आहे म्हणून काय माझे हात गेले होते? मी उठले ते उठलेच. पुढे पोट यंत्राला टेकायला लागलं, मग सुझुना आली, आणि जायचं राहूनच गेलं.

म्हणून ही साखळी. मला त्याला एकदा हरवायचं होतं, आणि तेही त्याने दया न करता. बस, एवढंच. घरबसल्या ऑनलाइन खेळणारे हजार जण मिळतात, पण त्यांत कमळकाकडी कधी दिसला नाही.

शेवटी एका दुपारी होजो-सानचा निरोप आला. मिनातोचं सगळं त्याच बघतात.

"चिहारु, जिवंत आहेस ना? रविवारी आखाड्याची दोन्ही यंत्रं उचलणार. त्या जागी नाणं टाकून चिमट्याने बाहुल्या उचलायचे पिंजरे येणार. आणि नव्या आवृत्तीची वाट बघू नकोस, ती म्हणे सरळ घरीच येणार आहे, आमच्याकडे नाहीच. तुझा म्हातारा शनिवारी दुपारी येतो."

माझा नवरा ताइसेइ बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर आहे. शनिवारी त्याला सुट्टी नसते.

"सुझुला घेऊन जा की," तो बूट घालताना म्हणाला. "जिंकलीस तर तू उदोन खाऊ घाल, हरलीस तर मी."

"म्हणजे मी हरावं असं वाटतंय तुला?"

"मला उदोन हवंय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी सुझुनाला सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवलं. वाटेत तिचे प्रश्न सुरू. घरी खेळताना ती टीव्हीच्या मागे जाऊन बघायची, समोरचा माणूस कुठे बसतो म्हणून.

"आज तो खरंच पलीकडे असणार?"

"असणार."

"आणि तो मारणार? पुतळ्यासारखा नुसता उभा नाही राहणार?"

"चांगला मारणार."

"मग आपण का जातोय?"

मिनातोचा जिना चढताना ओळखीचा वास आला, तापलेल्या यंत्रांचा आणि जुन्या गालिच्याचा. होजो-सान नाण्यांच्या यंत्रापाशीच उभ्या होत्या. "अगंबाई, केवढी झाली ही! आणि तू मात्र होतीस तशीच, केस तेवढे विंचरत जा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बसलाय तो. हल्ली येतो आणि नुसताच बसतो. आज मात्र खेळतोय."

यंत्राखाली तपकिरी चपला होत्या. काठी होती. सुझुना होजो-सानच्या हाती सोपवून मी समोरच्या स्टुलावर बसले, नाणं टाकलं, वल्हेवाली निवडली. पडदा उजळला. डावीकडे कमळकाकडी आणि उजवीकडे मी.

उजवीकडे.

घरी सराव सुरू केला की आपण डावीकडेच उभे असतो. पुतळा सरकत सरकत फिरला तर मी सगळं पुसून पुन्हा डावीकडून सुरुवात करायचे. दोन अडीच वर्षं हात फक्त एकाच दिशेला शिकले होते. उजवीकडून दांडी सगळी उलटी फिरवावी लागते, पुढचं मागे, मागचं पुढे. आयुष्यभर मी याच उजव्या स्टुलावर बसत आले, आणि घरी शिकताना नेमकं तेच विसरले! ज्याला हरवायचं त्याच्यासमोर कुठल्या बाजूला बसायचंय, हे माझ्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिला सामना तर विचारूच नका. वल्हं एकीकडे, पाय दुसरीकडे. तो थंडपणे मारत गेला.

दुसरं नाणं टाकलं. आता एकच मार्ग होता. त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरायचं, म्हणजे मी डावीकडे आणि तो उजवीकडे. मी उडी मारली. उतरले, पाय मारला, उचललं, ट-टक, टक, आणि पुढचा ठोका चुकला. पण हातांना ओळख पटली होती. पुढच्या फेरीत पुन्हा उडी, या वेळी साखळी अर्ध्यापर्यंत गेली आणि ती फेरी मी घेतली.

मग तो थांबला. क्षणभरच, पण थांबला. आणि त्यानंतर त्याने जे केलं ते पाहून मी चक्क हसले. फेरी सुरू होताच तो मागे सरकत गेला आणि डाव्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कुठलाही शहाणा खेळाडू आपणहून भिंतीला पाठ लावत नाही, तिथून पळायला जागा नसते. पण भिंत आणि त्याची पाठ यांच्यात आता वल्हेवालीला उतरायला जागाच उरली नव्हती. त्याने मला ओळखलं होतं. ही पोर एकाच बाजूने शिकून आलीय, आणि तिला ती बाजू मिळू द्यायची नाही.

दया नव्हती. कणभर नव्हती. इतक्या वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

पलीकडून अचानक सुझुनाचा आवाज आला. होजो-सानचा हात सोडवून ती केव्हा तिकडे गेली कोण जाणे.

"आजोबा, तुम्हीच कमळकाकडी?"

"हो," एक खरखरीत आवाज म्हणाला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. "आणि तुझी आई गार उदोन."

"नाही, ती आई आहे."

"तेही आहे म्हणा. बटणांना हात लावू नकोस हं. बस इथे."

तो सामना त्याने भिंतीला टेकूनच जिंकला. "वेंधळी कुठली," मी स्वतःलाच म्हटलं आणि तिसरं नाणं टाकलं. पर्समध्ये नाणी होती, पण सुझुनाच्या जेवणाची वेळ होत आली होती. हा शेवटचा.

एक फेरी त्याची. एक फेरी माझी, तीही उजवीकडूनच, उलट्या हातांनी, साखळीबिखळी न करता, नुसता एकेक ठोसा मारून आणि घाम गाळून. आता शेवटची फेरी. तो पुन्हा भिंतीला. मी आत जायचे, तो हाकलायचा. दोघांचंही बळ अर्ध्यावर आलं. होजो-सान माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या हातातला चाव्यांचा जुडगा तेवढा वाजत होता.

आणि मग तो भिंतीपासून पुढे आला. फार नाही, एक पाऊल.

विचार करायला वेळ नव्हताच. मी उडी मारली, त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या त्या फटीत उतरले. डावीकडे! पाय, वल्हं, वर. ट-टक, टक, धप्प. ट-टक, टक, धप्प. हात माझे नव्हतेच, ते त्या सगळ्या दुपारींचे होते. कुकर वाजला नाही, कुणी कूस बदलली नाही, तो एकदाही जमिनीला टेकला नाही. त्याचं बळ संपलं. पडद्यावर माझं नाव मोठं झालं.

"अगं बाई गं," होजो-सान हळूच म्हणाल्या. "साखळी पुरी झाली की."

रीत मोडून पलीकडे जावं, मान लववावी, काहीतरी म्हणावं, असं वाटलं. दोन यंत्रांना वळसा घालून गेले तर स्टूल रिकामं होतं. जिन्यावर काठीचा आवाज उतरत चालला होता. सुझुना गरम मक्याच्या सूपचा डबा दोन्ही हातांत धरून उभी होती.

"आजोबांनी दिला. म्हणाले, थांबून पी, भाजेल."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही."

मी यंत्रावर एकदा हात ठेवला. अजून गरम होतं. होजो-सानने मला दरवाजापर्यंत सोडलं आणि बजावलं, "बाहुल्या उचलायला ये आता, लेकीला घेऊन."

बाहेर पेठेत दिवे लागायचे होते. मी सायकल हळू चालवत होते, समोरून येणाऱ्या वाऱ्याशीही गोड बोलावं अशा मनाने. ताइसेइला काय काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे बघ, किती गंभीरपणे खेळला माझ्याशी! उदोन माझ्याकडून. त्यावर तळलेली कोळंबीसुद्धा माझ्याकडून.

मागच्या खुर्चीतून डबा माझ्या पाठीला लागत होता. सुझुना त्याच्यावर बोटांनी वाजवत होती. ट-टक, टक. मग ती थांबली.

"आई, ते आजोबा हात मांडीवर ठेवून बसले होते."

"हो गं राणी. साखळीत सापडलं की तसंच करतात. छान मारलंस असं म्हणायचं असतं त्यांना."

चौकातला दिवा लाल झाला, मी पाय टेकला.

"पण तू उडी मारलीसच नव्हतीस तेव्हा," ती म्हणाली. "ते थोडंसं पुढे आले, आणि मग हात खाली ठेवले, आणि मग तू उडी मारलीस. आधीच का ठेवले, आई?"