सुताराच्या अंगठ्यातली हाक

मी एक जुनी भक्षक पेशी आहे. मित्रांनो, एका सुताराच्या उजव्या अंगठ्याच्या कातडीखाली माझा जन्म गेला, आणि आता माझे थोडेच क्षण उरले आहेत. म्हणून भराभर सांगते.

मला डोळे नाहीत. माझ्या अंगावर चिमुकले ग्राहक, म्हणजे स्पर्शाने ओळख पटवणारे रेणू आहेत, त्यांनी मी चाचपते. जंतूंच्या कवचाची वीण माणसाच्या पेशींवर कुठेच नसते. ती लागली की परका घुसला हे मला कळते. हे कुणी शिकवले नाही. ही ओळख मी उपजतच घेऊन आले. इतकी वर्षे मेलेल्या पेशी गिळल्या, झाडलोट केली. कौतुक कसले? मी आहे हेच सुताराच्या गावी नव्हते.

परवा सकाळी पटाशी सटकली आणि अंगठ्यात खोल रुतली. सुताराने जखम धुतलीसुद्धा नाही. लाकडाची भेग बुजवतो तशी बुजवली; सरसात भुसा कालवून वर दाबला.

"अहो, अंगठा आहे तो, फळी नाही!" बायको ओरडली.

"उद्या कपाट द्यायचंय. काही होत नाही."

जंतू माझ्यासोबत आत कोंडले गेले. पहिल्याला चाचपले. तीच वीण! गिळला. दहावा, पन्नासावा गिळला. पण ते एकाचे दोन होत होते, मी एकटी कुठे पुरी पडणार? जिवाच्या आकांताने मी रसायने सोडली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या. अंगठा लाल झाला, टम्म फुगला, ठणकू लागला. तो ठणका म्हणजे माझीच हाक होती. सुताराने वेदना थांबवणारी गोळी घेतली आणि रंधा उचलला. मित्रांनो, तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले.

आज दुपारी लाल रेघ मनगटापर्यंत चढली. मदतीला आलेल्या पेशी माझ्याभोवती मरून पडल्या होत्या.

बायकोने रंधा हिसकावून घेतला. "हातच गेला तर कपाटं कोण करणार? आधी दवाखान्यात चला!"

डॉक्टरीणबाईंनी सरसाची खपली काढली, चीर दिली. "भुसा? धन्य आहे तुमची! अजून एक दिवस थांबला असता तर अंगठ्याचं काही खरं नव्हतं."

सुताराने बाहेर आलेला पू पाहिला आणि तोंड फिरवले. "शी! काय ही घाण!"

त्या घाणीतच मी आहे, मित्रांनो, कापसाच्या बोळ्यावर, पोटात भुसा आणि मेलेले जंतू घेऊन. खुशाल नाक मुरडा. पण जखम आधी धुवा, आणि ती ठणकली तर नुसती गोळी घेऊन तिला गप्प करू नका. आत कुणीतरी तुम्हालाच हाका मारत असते.