कुसुमबाईंचे अकरा किडे

"पडला! पडला! अजून एक पडला!"

परभणीतल्या, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या अंगणात सगळी पोरं, चौकीदार, झाडून सगळे एका परातीवर वाकले होते. परातीत पाणी, मधोमध पाण्याच्या वर डोकावणारा तापवलेला लोखंडी तुकडा, त्यावर पेरणीचं नरसाळ्यासारखं चाडं पालथं घातलेलं आणि चाड्याची नळी सोळा वर्षांच्या नागेशच्या तोंडात. धुरानं त्याचे डोळे वाहत होते. पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते.

"सात पिढ्यांची विद्या हाय, मालक!" धुरी देऊन दातांची कीड काढणारा धुरीबाबा गरजला. "दाताला कीड लागली म्हनता ना? मंग कीड भायेर काढायला नको? डागदर दात उपटतो अन् कीड हिरडीत तशीच सोडतो!"

रेणुका मॅडमच्या अंगाची लाही लाही झाली. त्या इथल्या शिक्षिका. नागेशचा गाल चार दिवस सुजलेला, अंगात ताप. दवाखान्यात न्यायचं तर सोबत पोलीस हवा, पोलिसासाठी पत्र हवं आणि पत्रावर अधीक्षक भगवानरावांची सही. चार पत्रं टेबलावर पडून होती. पाचवं घेऊन त्या आल्या, तर साहेबांनी हा बाबा बोलावलेला!

"आता कशाला दवाखाना, मॅडम?" भगवानराव खूश होते. "नऊ किडे पडले की डोळ्यादेखत. नागेश, बरं वाटायलंय ना?"

"बधिर झालंय, सर," नागेश कसाबसा बोलला. त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग त्यांची नजर स्वयंपाकीण कुसुमबाईंवर गेली.

"कुसुमबाई, तुमची पण दाढ दुखतीय ना?"

बाई क्षणभर गोंधळल्या, मग गाल धरून विव्हळल्या. "लय ठणकायली, बाबा! पान्याचा घोट घेववत न्हाई."

बाबानं नळी त्यांच्या तोंडात दिली आणि बटव्यातली चिमूट लोखंडावर टाकली. तडतड झाली, धूर निघाला.

"अकरा!" बाबा ओरडला. "माय, तुजं तोंड हाय का वारूळ?"

कुसुमबाईंनी नळी काढली. मग वरची कवळी काढली, खालची काढली आणि बोळकं उघडून हसल्या. "बारा वर्सं झाली, एक बी दात न्हाई माज्या तोंडात. हे किडे कुनाचे?"

पोरं खदाखदा हसली. बाबाच्या आधी मॅडमनी बटवा उचलला. चिमूटभर बी लोखंडावर टाकून चाडं झाकलं. नळी कुणाच्याच तोंडात नव्हती, तरी किडे पडले.

"भुईरिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं बी आहे हे. तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब पाण्यात उडतो. धुरानं घटकाभर बधिर होतं, एवढंच."

"पण दात किडतो म्हणतातच की," भगवानराव पुटपुटले.

"म्हणतात! म्हणून किडा शोधायचा? दातावर साचलेल्या घाणीतले जंतू दात पोखरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. बावीस पोरांत सहा ब्रश आहेत इथं, ते तरी दिसतात ना? नागेशच्या गालात पू झालाय, सर. गळ्यात उतरला तर श्वास कोंडेल. बाहेरचं पोरगं स्वतः उठून दवाखाना गाठेल. हा तुमच्या कुलपात आहे. करा सही!"

भगवानरावांनी पेन काढून पाचव्या पत्रावर सही केली.

दुपारी पोलीस आला. गाडीत चढताना नागेशनं हळूच विचारलं, "मॅडम, दात काढल्यावर डॉक्टर किडा दाखवतेल का?"

मॅडमना रडावं की हसावं कळेना. "किडा नसतो रे बाळा. दात हातात घेऊन नीट बघ, डॉक्टरांना विचार. आणि कुणी सांगितलं म्हणून खरं मानू नकोस. मी सांगितलं, तरीसुद्धा."