शून्यावरचा काटा

"पँट काढा, दाजी."

वेल्डिंगच्या शेडमधली सगळी माणसं हसली. दाजीने तोंडावरची काच वर केली. "फोटोवाल्या, मेहुणा म्हणून ऐकून घेतोय. जा, कामाला लाग."

फोटोवाला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पाइपांच्या सांध्यांचे गॅमा किरणांनी फोटो काढायचा. त्याच्या पेटीतली किरणोत्सारी इरिडियमची गोळी तारेपासून तुटून कुठेतरी पडली होती. किरण मोजायचा मीटर घेऊन तो शोधत निघाला, तेव्हा काटा दाजीच्या दिशेने चढत गेला. आणि दाजीपाशी येताच धपकन शून्यावर पडला. किरणांचा मारा फार झाला की हा जुना मीटर गुदमरतो आणि शून्य दाखवतो. सकाळीही काटा शून्यावर होता, आणि गोळी पेटीत परतली असं समजून त्याने सामान गुंडाळलं होतं.

"खिशात काय आहे?"

"तुकडा सापडला एक. चकचकीत. गरमसुद्धा नाही."

फोटोवाल्याने त्याला धक्का देऊन पाडलं. दाजीने खालूनच ठोसा हाणला, नाक फुटलं. फोटोवाल्याने लाथ घातली, छातीवर गुडघा रोवला आणि रक्ताळल्या हातांनी खिसा टराटरा फाडला.

"वेड लागलं का रे तुला? सोड!"

"लांब व्हा सगळे!"

गोळी फरशीवर घरंगळली. लांब चिमट्याने उचलून त्याने ती शिशाच्या डब्यात कोंबली. अल्फा कण कापडानेही अडले असते, बीटा जाड पत्र्याने. गॅमा किरण मात्र कापड, कातडी, हाड फोडून आत घुसतात आणि वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन हिसकावतात. चटका बसत नाही. पेशी मरायला लागतात, माणसाला पत्ता नसतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बहीण त्याच्याकडे बघेना. "घरच्या माणसाला असं गुरासारखं मारतात?"

"असू दे गं," दाजी म्हणाला. त्याने चादर सारली. उजव्या मांडीवर तळहाताएवढा लालभडक चट्टा होता. "तुझ्या लाथेचा वळ. उतरेल ना रे?"

लाथ डाव्या पायावर बसली होती. उजवा पाय पुढे जांघेपासून काढावा लागेल, असं डॉक्टर आत्ताच बाहेर त्याला म्हणाले होते.

"जोरात बसली, दाजी," तो म्हणाला.

बहिणीने त्याच्याकडे पाठ केली आणि मलमाची ट्यूब उघडली. नवऱ्याला दुखू नये म्हणून ती एकाच बोटाने, चट्ट्याच्या कडेकडेने मलम लावत राहिली.