बासीच्या थेंबातली वस्ती

“पुडा घेशील तं हिरवा ठिपका पाहून घेजो. ठिपका असला का निर्धास्त खाय.” यादोरावांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी दुकानाच्या पायरीशी अंजनाबाईंना नवऱ्याचा आवाज तसाच ऐकू यायचा.

गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या अंजनाबाई रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना घेत, पंचशील म्हणत. गाईचं सगळं दूध घरात आलं आणि गोऱ्हं वाळून मेलं, त्या पावसाळ्यातल्या वर्षावासात त्यांनी आपणहून आणखी एक व्रत धरलं. दूध, दही, तूप, काही नाही. सकाळ निभायची ती कोरा चहा आणि ठिपक्याच्या बिस्किटांवर.

दोन वर्षांनी नात मोनालीनं पुड्यामागची बारीक अक्षरं सहज वाचली. यात तर दुधाची भुकटी आहे, म्हणाली. हिरवा ठिपका म्हणजे मांस-अंडं नाही एवढंच, दूध असू शकतं. अंजनाबाईंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पुड्यातली वस्तूच बंद झाली. भात, लाखोरीची डाळ, परसातली भाजी. “मीठ कोन्त्या शेतात पिकते माय? तेही पुड्यातलंच होय,” मुलगा रत्नपाल टोमणा मारायचा. त्या हसून भात कालवत.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. वंदनेवरून उठताना पाय आपले नाहीतच असं वाटायचं. एकदा त्या मूर्तीसमोरच कोसळल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, इंजेक्शनं दिली. बी-बारा जीवनसत्त्व फार उतरलंय, म्हणाले. इंजेक्शनं आत्तापुरती, पुढं जन्मभर दूध-अंडी तरी घ्या, नाहीतर बी-बारा मिसळलेलं काहीतरी रोज घ्या.

“पुरे झालं आता,” रत्नपाल घरी येताच म्हणाला. “उद्यापासून गिलासभर दूध. पायच गेले तं विहारात कशी जाशील?”

व्रत मोडावं की पाय घालवावेत, हे अंजनाबाई प्रत्येक वंदनेत स्वतःला विचारत राहिल्या.

मोनाली गोंदियाच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिनं बी-बारा घातलेल्या सोयादुधाची पाकिटं आणली. आजीनं तोंड फिरवलं. एकदा फसले, कारखान्यात कोणाच्या जिवाचं काय घालतात कोण पाहतं, असं त्यांचं म्हणणं. मोनालीनं वाद घातला नाही. शनिवारी माझ्यासोबत चल आणि तुझ्या बासीचा डबा घे, एवढंच म्हणाली. बासी म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. अंजनाबाईंची ती रोजची न्याहारी.

कॉलेजातल्या मॅडमना विचारून मोनालीनं आजीला प्रयोगशाळेत नेलं. बासीच्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला, भिंगाखाली सरकवला. अंजनाबाईंनी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात बारीक काड्या, ठिपके, ठिपक्यांच्या माळा. काही निवांत, काही थरथरत होते. एक सुईसारखा जीव इकडून तिकडे निघून गेला, जसा काही त्याला कामच होतं.

“हे काय चालून राहिलं बाई?”

“जीव आहेत आजी. तुझ्या बासीतले.”

“आन् मी हे रोज खात होती?”

“रोज. तुझी आईही खायची.”

मग मोनालीनं सावकाश सांगितलं. बी-बारा ना गाय बनवते ना कोंबडी, ते असलेच इवले जीव बनवतात, फक्त बासीतल्यांना ते जमत नाही. गाईच्या पोटातही तेच राबतात. कारखान्यात त्यांना मोठ्या टाक्यांत साखरेच्या पाण्यावर वाढवतात, आणि त्यांनी केलेलं काढून सोयादुधात घालतात.

“मंग ते मरतात का?”

“मरतात. तुझ्याशी खोटं नाही बोलणार.”

अंजनाबाईंनी पुन्हा डोळा लावला, तो बराच वेळ काढला नाही. आजवर त्यांना वाटायचं, आपलं ताट निर्मळ आहे. इथं तर एका थेंबात गोंदियाच्या ठेसनाहून जास्त गर्दी होती. कोणी पेरली नाही, कोणी मोजली नाही. आणि असेच न दिसणारे जीव आपले पाय उभे ठेवणार होते. हात आपसूक जोडले गेले आणि ओठांत सगळ्या जिवांचं भलं चिंतणारी मैत्रीभावना सुरू झाली. मॅडम दारातच थबकल्या.

“वासराच्या तोंडचं ओढणं मले थांबवता येते,” त्या हळूच म्हणाल्या. “हे नाही थांबवता येत. यायच्यापुढं नुसतं नमता येते.”

“मग घेशील?”

“घेईन. माह्या हातानं आणीन, वाचून आणीन. एक दिवस चुकनार नाही.”

सगळेच पुडे असे नसतात, मोनालीनं बजावलं. चिप्स-नमकीन तोंडापुरतं, पोट भरायचं ते डाळभातानंच. त्यावर आजीनं मान डोलावली.

मोनालीनं आणलेली पाकिटं बुधवारी संपली. मुर्रीच्या दुकानात तसलं सोयादूध मिळत नव्हतं. गुरुवारी वंदना झाल्यावर अंजनाबाईंनी पिशवी घेतली, भिंतीचा आधार घेत अंगणात उतरल्या, आणि कोणाला हाक न मारता गोंदियाला जाणाऱ्या ऑटोच्या दिशेनं चालू लागल्या.