माझे बूट फिरायला जातात

माझे बूट रोज सकाळी माझ्याशिवाय फिरायला जातात. स्वतःची लेस स्वतः बांधतात, उंबरा ओलांडतात आणि जिना उतरतात. परत येतात तेव्हा तळाला मैदानाची तांबडी माती असते आणि आतून ते गरम असतात.

मी त्यांना जा म्हणालो नव्हतो. मी एवढंच म्हणालो होतो, की बूट चावतात.

शालननं, माझ्या बायकोनं, ते बाजारातून आणून उंबऱ्यात बाहेर तोंड करून ठेवले होते. "चला की हो," ती म्हणाली, "मैदानाला एक फेरी मारू आणि येऊ."

"बूट चावतात म्हटल्यावर कसं येणार? तू जा."

बूट जरा थांबले, मग निघाले. शालन त्यांच्यामागून गेली. तिला नवल वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. मी खुर्चीत बसून चहा प्यालो.

खुर्ची वडिलांची आहे. हातात पेपर धरून ते तिच्यातच गेले. नंतर थोरला भाऊ तिच्यात बसायला लागला, तोही तिच्यातच गेला, चहात खारी बुडवता बुडवता. दोघंही गेले तेव्हा माझ्याच वयाचे होते. आता मी बसतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी कामाला आहे, तिथंही खुर्चीच आहे. गाड्या येतात, मी उसाचं वजन करतो. माझं वजन कुणी विचारलं की मला राग येतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावून एकच औषध सांगितलं होतं, चाला.

"मला या खुर्चीची भीती वाटते," शालन म्हणायची.

"खुर्ची काय माणूस खाती का?"

"दोन खाल्लीत."

दुसऱ्या दिवशी ती परत म्हणाली, चला. मी म्हणालो, गुडघे दुखतात. माझ्या लेंग्यातून गुडघ्याच्या दोन वाट्या निघाल्या, फरशीवर टकटक करत बुटांपाशी गेल्या आणि बुटांच्या वर, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, तरंगत राहिल्या. दुखायचं थांबलं ते खरं. पण पाय खुर्चीच्या आकारात वाकले ते वाकलेच.

मग मी म्हणालो, वेळच मिळत नाही. मनगटावरचं घड्याळ सुटलं आणि बुटांमागून गेलं. घरातली वेळ पण त्याच्याबरोबर गेली. तेव्हापासून आमच्याकडं सकाळच आहे, फिरायला निघायच्या आधीची. कपातला चहा गार होत नाही. कारखान्याचा भोंगा होत नाही, त्यामुळं कामावर जायचा प्रश्नच उरला नाही. आता तरी चालायला सवड मिळाली असेल असं कुणालाही वाटेल. सवड कशात ठेवायची? ती ठेवायला आधी वेळ असावी लागते.

मी म्हणालो, रस्त्यावर कुत्री आहेत. कॉलनीतली कुत्री रांग लावून बुटांमागं गेली.

मी म्हणालो, रस्ता तरी कुठं धड आहे? रस्ता कडेनं उचलला गेला, चटईसारखी त्याची गुंडाळी झाली आणि घरंगळत मैदानाकडं गेली. आमच्या बिल्डिंगपुढं नुसता चर राहिला. लोक कंपाउंडच्या भिंतींवरून ये-जा करायला लागले. दूधवाला लांबूनच पिशव्या फेकायचा.

शेजारचे मगदूम मफलर गुंडाळून भिंतीवर उभे राहिले आणि माझ्या खिडकीकडं बघून ओरडले, "ओ बाबर! तुमच्या आळसापायी आमचा रस्ता गेला की! बोलवा माघारी!"

"आळस नाही मगदूम. कारण होतं."

"कारणं चघळून कुणाचं पोट उतरलंय का?"

"रस्ता खराब नव्हता का? सांगा."

"होता की," मगदूम म्हणाले, "पण होता!"

ते भिंतीवरून तोल सांभाळत पुढं गेले. मला त्यांची चीड आली. माझं एकही कारण खोटं नव्हतं. बूट चावत होते, गुडघे ठणकत होते, कुत्री अंगावर येत होती. खोटं कारण माणूस चार दिवसांत टाकून देतो. खरं असलं की त्याला जन्मभर पोसतो. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकायला वेळ नाही असंच मी म्हणालो असतो.

शालन खुर्चीपुढं जमिनीवर बसली. तिनं माझा हात हातात घेतला. तिच्या केसांत मैदानाची धूळ होती.

"आता काय राहिलंय हो?" ती म्हणाली. "सगळं तर गेलं. नुसतं कोपऱ्यापर्यंत चला. मी धरते तुम्हाला. रस्ता नसू दे, भिंतीला धरून जाऊ. तुम्हाला या खुर्चीतून उचलायची पाळी माझ्यावर आणू नका."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ हो म्हणायचं होतं. पण तोंडाला वळण पडलेलं असतं. चाकोरीत बैलगाडी जाते तसे शब्द आपोआप गेले.

"तू भरभर चालतीस," मी म्हणालो. "तुझ्याबरोबर कोण चालणार?"

मी हातानं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

शालन उठली. तिनं कप विसळून पालथा घातला, पदर खोचला. दारात तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली, पण पाय आधीच जिन्यावर गेले होते. तिला जायचं नव्हतं. मला ते स्वच्छ दिसत होतं.

"जाऊ नको," मी म्हणालो.

"मी कुठं जातीय? तुम्हीच म्हणालात ना." एकेक बोट सुटत गेलं. "येते," ती म्हणाली. आमच्यात जाते म्हणत नाहीत.

जिन्यावर तिची पावलं भरभर वाजली आणि ऐकू येईनाशी झाली.

खुर्ची मला पहिल्यांदाच ऐसपैस वाटली. पाठ अलगद मागं टेकली गेली, हातांखाली खुर्चीचे हात आले. वडिलांनी पेपर धरला असेल तसे माझे हात आपोआप वर व्हायला लागले. मी अंग एका बाजूला टाकलं आणि फरशीवर पडलो.

दोरीवर शालनचा टॉवेल होता. ओढून घेतला आणि तोंडाला घट्ट बांधला. एवढं एक शहाणपण मला सुचलं.

जिना मी बसून उतरलो. पुढं चर होता. कोपरांवर सरपटत निघालो. खडी टोचली, लेंगा फाटला. छाती अशी धडधडायला लागली, की शब्द ओठांपर्यंत आले. ते मी टॉवेलात चावले. ते बाहेर पडले असते तर माझ्या छातीतून काय उठून गेलं असतं हे मला माहीत होतं.

"हाणा बाबर!" भिंतीवरून मगदूम ओरडले. त्यांचा आवाज रडवेला होता. "पण तोंड का बांधलंय?"

मी वर बघितलं नाही.

मैदानात फेरी चालू होती. पुढं शालन, तिच्या बाजूला माझे बूट, बुटांवर गुडघे, मागं कुत्री, आणि सगळ्यांत शेवटी गुंडाळलेला रस्ता गडगडत होता. घड्याळ तिथंच असल्यामुळं मैदानात वेळ होती. पाण्याच्या टाकीमागून ऊन वर येत होतं. कितीतरी दिवसांनी मी ऊन सरकताना बघितलं.

शालन जवळून गेली. "आलात?" ती म्हणाली. तिला थांबता येत नव्हतं. ती मान वळवून माझ्याकडं बघत राहिली, वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

पुढच्या फेरीला बूट माझ्यापाशी येऊन जरा घुटमळले. मी एकात हात घातला. आतून गरम होता. चावला नाही.

"पुढच्या फेरीला हात देते," शालन जाता जाता म्हणाली. "घट्ट धरा. धरला की मी थांबेन. पण येतो म्हणा. तुम्ही म्हणाल तसंच होतंय."

मी टॉवेलची गाठ सोडली. आलो, एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात घोकलं. आलो. आलो. लांबच्या वळणावरून ती येताना दिसली. ती जमेल तेवढी हळू चालायचा प्रयत्न करत होती आणि चेहरा त्या कष्टानं वाकडा झाला होता. मी कोपरांवर उठलो. ऊन थेट डोळ्यांत आलं. तिनं हात पुढं केला. मी तोंड उघडलं.

"ऊन फार झालंय," मी म्हणालो.

ऊन उठलं. आधी टाकीवरून, मग भिंतीवर उभ्या मगदूमांच्या मफलरवरून, मग कुत्र्यांच्या पाठींवरून, आणि सगळ्यांत शेवटी माझ्यापुढं आलेल्या तिच्या बोटांवरून.