अकरा वर्षं न उठलेली माझी पूजा

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि मला भयंकर राग आलेला आहे.

सोलापुरातल्या एका शाळेत मी नवा आलो, तेव्हा मुलं माझ्यावर तुटून पडायची. माझी पाठ उसवली, तेव्हा जुन्या हेडसरांनी मला सोलापुरी चादरीच्या तुकड्यात बांधून घेतलं. ते म्हणायचे, "फाडा, पण वाचा." मुलांनी दोन्ही केलं. ते माझे सुखाचे दिवस.

मग एका दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी मला पाटावर बसवलं. पूजेतलं पुस्तक पूजा उठेपर्यंत वाचायचं नसतं. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून उत्तरेला जरा सरकवलं, की पूजा उठते. पण हेडसरांची बदली झाली. ते घाईघाईत बार्शीला गेले आणि मी पाटावरच राहिलो. इंग्रजी शिकवणाऱ्या चिंतामणी सरांनी मला पाटासकट वर्गातल्या कपाटावर ठेवलं. अकरा वर्षं! दर गुरुवारी उदबत्ती. दहावीची पोरं माझ्यापुढे नवस बोलली. एकानं पेढा ठेवला. त्या पेढ्याच्या मुंग्या माझ्यात शिरून 'बी' अक्षरापर्यंत गेल्या. माणसांपैकी तेवढंही कुणी गेलं नाही.

परवा चाचणीत वाक्य आलं, 'द बॅग इज लाइट.' पाचवीतल्या पूनमनं लिहिलं, 'पिशवी हलकी आहे.' चिंतामणी सरांनी तांबडी फुली मारली. गाईडात लाइट म्हणजे प्रकाश, एवढंच छापलेलं. म्हणून बरोबर उत्तर, 'पिशवी प्रकाश आहे.' ते शंभर वेळा लिहायची शिक्षा पूनमला झाली.

"सर, माझे पप्पा टॉवेलच्या कारखान्यात हायेत. तितं हलक्या टॉवेलला लाइटच म्हणत्यात."

"मग कारखान्यातच परीक्षा दे की."

"कोशात तरी बघा की, सर."

"त्याची पूजा उठली नाही अजून. पाप लागेल."

मी रागानं थरथरलो. अकरा वर्षांपूर्वीचा झेंडू चुरा होऊन सरांच्या डोक्यावर पडला. सरांनी तो प्रसाद म्हणून खिशात ठेवला.

मधल्या सुट्टीत पूनमनं खिचडी शिजवणाऱ्या काशम्मा मावशींकडे मूठभर तांदूळ मागितले.

"कशाला गं?"

"पूजा उठवायचीय."

"उठव बाई. लई बसली."

पूनम बाकावर बाक ठेवून चढली. मंत्र येत नव्हता, म्हणून तिनं सतराचा पाढा म्हटला, तांदूळ टाकले आणि मला वीतभर उत्तरेला सरकवलं. मग घंटा झाल्यावर सगळ्या वर्गासमोर मला उघडून मोठ्यानं वाचलं, "लाइट. प्रकाश. दिवा. पेटवणे. रंग असेल तर फिका. झोप असेल तर सावध. वजन असेल तर हलका." पान सरांपुढे धरून ती म्हणाली, "पिशवीला वजन असतंय, सर."

सरांनी ते पान दोनदा वाचलं. फुली खोडून त्यांनी पूनमला गुण दिला, शिक्षाही माफ केली. मला वाटलं, सुटलो!

"केवढं हे ज्ञान!" सर गहिवरून म्हणाले. "कुंकू आणा रे कुणीतरी."

मी धाडकन मिटलो. सरांचं बोट आत होतं.

मित्रांनो, मला फुलं नकोत. माझी पानं दुमडा, डाग पाडा, भांडण लागलं की मला मधे घ्या. आणि कुंकू घेऊन येणार असाल, तर बोटं मोजून या.