चौथा कोपरा

विद्या देताना मनुष्य उदार असतो, कारण दिलेली विद्या आपल्यापाशीही उरते असा त्याचा विश्वास असतो. परंतु शिष्याच्या हातून ज्या दिवशी असे काही निर्माण होते की जे गुरूने दिलेलेच नव्हते, त्या दिवशी त्या औदार्याची परीक्षा होते. शिष्याने पुढे जावे ही इच्छा धरणे सोपे. तो पुढे गेल्यावर ती निभावणे कठीण. मत्सर परक्यांविषयी क्वचितच उत्पन्न होतो. तो ओळखीच्या पाऊलवाटेने येतो, आणि ज्याला आपणच दार उघडून दिले त्याच्या मागोमाग घरात शिरतो.

दिवेआगरच्या एका आळीत, नारळी-पोफळींच्या वाडीत, सुचिताकाकूंचे घर आहे. काकू गोधड्या शिवतात. पण थंडीपुरते पांघरूण म्हणून त्यांच्या गोधडीकडे आता कोणी पाहत नाही. वादळाने अर्धी वाडी आडवी केली, त्या वर्षी काकूंनी जुन्या धोतरांवर आणि लुगड्यांवर ती पडलेली वाडी धावदोऱ्याने उभी केली: मुळांसकट उलथलेले माड, मोडक्या पोफळींच्या शेंड्यांतून दिसणारे मोकळे आभाळ. ती वस्त्रे मुंबईपर्यंत गेली, आणि काकूंचे नाव झाले.

त्यांचा दिवस ठरलेला असे. सकाळची पूजा झाली की त्या परडी घेऊन वाडीत जात. गळून पडलेले तेवढेच उचलायचे, हा त्यांचा नेम. पोफळीच्या झावळीचे रुंद देठ म्हणजे विरी, बकुळीचा सडा, फुटलेल्या जायफळावरची लाल जायपत्री, किडीने जाळी केलेले पान. हे सर्व पडवीत मांडून त्या बराच वेळ नुसत्या पाहत बसत. मग कोळशाने कापडावर रेघ उमटे, आणि मागल्या चुलीवर रंगाचे पाणी चढे. सुपारी उकडलेल्या पाण्याचा तांबूस रंग, हिरड्याचा करडा, पतंगीच्या लाकडाचा लाल. रंगापूर्वी दोऱ्याला तुरटीचे पाणी पाजावे लागते. ते पाजले नाही तर रंग दोऱ्यावर नुसता बसतो, मुरत नाही, आणि पहिल्या पाण्यात सुटून साऱ्या कापडावर पसरतो. अशा दोऱ्याला काकू कच्चा म्हणत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला त्यांचा पहिला धडा हाच असे: दोरा कोणीही दिलेला असो, ओल्या बोटांनी पांढऱ्या चिंधीवर चोळून पाहिल्यावाचून सुईत ओवू नये.

दुसरा धडा त्यांच्या माहेरच्या रीतीचा होता. गोधडीचे तीन कोपरे जिची तिने मिटवावेत. चौथा मात्र दुसऱ्या बाईच्या हातून, तिच्याच घरच्या लाल दोऱ्याने मिटवून घ्यावा. वस्तू सर्वस्वी आपणच पूर्ण केली हा अभिमान तिच्यात शिवला जाऊ नये, एवढाच त्यामागचा भाव. चौथा कोपरा मिटला की गोधडी पाण्यात बुडवायची. कापड आकसते, टाके आत रुततात आणि अंगावर बारीक सुरकुत्या उमटतात. तेव्हा ती खरी गोधडी होते.

प्रणाली ही भरडखोलच्या कोळी घरातली मुलगी, लग्न होऊन आळीत आलेली. तिचा नवरा विनेश टेम्पो चालवी. सुपाऱ्या सोलायला म्हणून ती काकूंकडे येऊ लागली आणि सुई हाती घेऊन राहिली. लहानपणी बापाशेजारी बसून तिने जाळी सांधली होती, त्यामुळे तिच्या हाताला दोऱ्याचा ताण उपजतच कळे. काकूंनी तिला हात राखून काही शिकवले नाही. त्यांच्या कित्येक गोधड्यांचा चौथा कोपरा प्रणालीनेच मिटवला होता, आणि ही मुलगी माझ्या हाताची आहे, असे काकू येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने सांगत.

त्या हिवाळ्यात प्रणालीने पहिली मोठी गोधडी काढली. पांढऱ्या धोतरांचे थर, आणि त्यावर वाळूच्याच रंगाचा दोरा. ओहोटी लागली की किनाऱ्यावरचे इवलेसे खेकडे आपल्या बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडत जातात. कोणी न सांगता सूर्याच्या किरणांसारख्या त्या ओळी सर्व बाजूंना पसरतात, आणि भरती आली की पुसल्या जातात. प्रणालीने ते सारे गाठींच्या टाक्यांनी मांडले होते. गोधडीच्या एका कडेला पाणी येत होते, आणि तिथल्या गाठी विरळ होत होत संपत होत्या. बाकी काहीच नव्हते. ना झाड, ना पक्षी.

काकूंचे यजमान दिनानाथ घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देत. तिथे वस्त्रांची प्रदर्शने भरवणाऱ्या मुंबईच्या एक बाई उतरल्या. काकूंची वस्त्रे त्यांनी एकेक उलगडून पाहिली आणि मनापासून स्तुती केली. मग पडवीत अर्धवट पडलेल्या त्या गोधडीपाशी त्या जमिनीवर बसल्या आणि बोलायच्या थांबल्या. काकूंनी हे पाहिले. आपल्या कामाला शब्द मिळाले, हिच्या कामाला मौन मिळाले, हा फरक त्यांच्या मनात काट्यासारखा मोडून राहिला. प्रदर्शनाच्या दर्शनी भिंतीसाठी बाईंनी प्रणालीची गोधडी मागितली. काकूंचीही दोन लहान वस्त्रे आतल्या दालनासाठी हवीत, असे त्या अगत्याने म्हणाल्या. ते अगत्य अधिकच लागले.

दिनानाथांना यातले काहीच उमगले नाही. जेवताना त्यांनी थट्टा केली की आता लोकांना तुझी ओळख ‘प्रणालीची काकू’ अशी करून द्यावी लागणार. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हते, आणि ते का नव्हते हेही त्यांना उमगले नाही.

काकू ओहोटीच्या वेळी एकट्याच किनाऱ्यावर गेल्या. गोळ्यांच्या त्या ओळी जागोजागी पडल्या होत्या. बालपणापासून त्या अशाच वाळूवरून चालल्या होत्या, पण दृष्टी सदैव सुरूच्या झाडांकडे, ढगांकडे, परतणाऱ्या बगळ्यांकडे. घरी येऊन त्यांनी तेच चित्र कोळशाने काढून पाहिले. प्रत्येक गोळी जागच्या जागी आली आणि चित्र निर्जीव झाले. काकूंनी कापड धुऊन टाकले.

त्यानंतर प्रणालीच्या कामात त्यांना दोष दिसू लागले. कड नीट दुमडलेली नाही, गाठी एकसारख्या नाहीत. एकदा साऱ्या शिकणाऱ्या बायकांदेखत त्या म्हणाल्या की ओळी वाकड्या चालल्या आहेत, मासळी सुकत टाकल्यासारखे टाके घालू नयेत. बायका खाली पाहू लागल्या. प्रणालीने सुई न थांबवता म्हटले, “खेकडा सरळ कवा चाललाय, काकू?”

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण ते हसू ओठांवरून आत गेले नाही.

गोधडी पूर्ण झाली तेव्हा प्रणाली ती घडी करून घेऊन आली. वर हळदकुंकवाची पुडी होती. चौथा कोपरा काकूंच्याच हातचा हवा, असे म्हणून तिने वाकून नमस्कार केला. उद्या सकाळी विहिरीवर बुडवायची, दिवसभर वाळवायची, आणि परवा विनेश टेम्पोने मांडव्याला नेऊन बोटीवर देणार, असे ठरले होते. बुडवण्यापूर्वी हा एकच कोपरा उरला होता.

दुपारी काकू पडवीत एकट्या बसल्या. भिंतीवरच्या दोन खुंट्यांना दोन लाल लडी होत्या. एक पक्की, दुसरी एका शिकाऊ मुलीने तुरटी न पाजताच रंगवलेली, कच्ची. रंग दोहोंचा सारखाच. काकूंचा हात दुसऱ्या खुंटीकडे गेला. तो चुकला नव्हता. त्या क्षणी त्यांनी स्वतःशी एक युक्तिवाद मांडला: प्रणाली शिकलेली आहे, ती दोरा तपासल्यावाचून राहणार नाही, आणि न तपासता बुडवलीच, तर दोष तिच्या हलगर्जीपणाचा. मनुष्य अधर्माकडे वळतो तेव्हा असा एखादा आडोसा त्याला नेहमीच सापडतो.

मग त्यांनी कोपरा शिवला. इतका सुबक कोपरा त्यांच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीने विहिरीकाठची दगडी दोण पाण्याने भरली. गोधडी हातांवर तोलून तिने चौथा कोपरा उन्हात धरला आणि बोट त्यावरून हलकेच फिरवले. बोट कोरडे होते. काकू पायरीवर बसून ते बोट पाहत होत्या. तिने ते ओले करावे, अशी प्रार्थना त्या करीत होत्या. आणि करू नये, अशीही. शेवटी त्यांनीच विचारले, दोरा तपासलास का.

प्रणाली हसली. “तुमच्या हातचा दोरा तपासायचा? म्हंजे आईनं वाढलेलं हुंगून बघायचं.”

ती दोणीवर वाकली. गोधडीची खालची कड पाण्यापासून वीतभरच वर होती.

“थांब,” काकू म्हणाल्या. “तो दोरा कच्चा आहे.”

ही काकूंची काही परीक्षा असावी, असे प्रणालीला प्रथम वाटले. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि गोधडी छातीशी धरून ती मागे सरली.

“चुकून लागला व्हय हाताला?”

प्रणालीने स्वतःच दार उघडून दिले होते. ‘हो’ एवढे एक अक्षर पुरे होते. त्यावर तिने विश्वास ठेवला असता, दोघींचे सारे पूर्ववत चालले असते. काकूंच्या जिभेवर ते अक्षर आलेही.

“नाही गो,” त्या म्हणाल्या. “बघून घेतला.”

पाटाचे पाणी वाहत होते. प्रणालीने गोधडी पडवीत नेऊन कोरड्या चटईवर ठेवली, पदराला हात पुसले आणि परत येऊन एवढेच विचारले की का.

काकूंपाशी मोठी उत्तरे पुष्कळ होती. वय, नाव, कष्ट. ती सर्व त्यांना त्या क्षणी परक्याच्या कपड्यांसारखी वाटली.

“ते खेकडे मी जन्मभर तुडवले,” त्या म्हणाल्या. “तू पाहिलेस.”

प्रणालीचे डोळे भरून आले, पण ते दयेने नव्हे. राग आला होता तिला, आणि तो तिने लपवला नाही. ती घरात जाऊन कात्री घेऊन आली आणि काकूंपुढे धरली.

“उसवा. न् पुन्हा तुम्हीच शिवा. मी हितं बसते.”

काकूंनी एकेक टाका कापून उपसला. पक्क्या दोऱ्याची लडी प्रणालीने स्वतः खुंटीवरून काढली. मग काकूंच्या समोर तिने बोटे पाण्यात बुडवली, दोरा पांढऱ्या चिंधीवर चोळला, आणि चिंधी उजेडात धरून नीट पाहिली. कोणत्याही शब्दाने झाली नसती एवढी वेदना त्या चोळण्याने काकूंना झाली. ती आपल्याला चुकावी असे मात्र त्यांच्या मनात आले नाही. दोरा ओवून प्रणालीने सुई पुढे केली. काकूंनी कोपरा पुन्हा शिवला. टाके मोठे पडले, एक ओळ तिरपी गेली. प्रणालीने पाहिले आणि ते तसेच राहू दिले.

गोधडी भिजली, वाळली, टाके रुतले. एका चादरीपायी आजचे भाडे बुडाले, असे कुरकुरत विनेशने ती मांडव्याला नेली. त्याला काही सांगितले गेले नव्हते. दिनानाथांनाही नाही.

काकू प्रदर्शनाला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात, असे त्यांनी कळवले. दर्शनी भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र फोनवर आले तेव्हा मत्सर पुन्हा उठला. तो गेला होता, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. काकूंनी फोन पालथा ठेवला, परडी घेतली आणि त्या वाडीत गेल्या. तो काही दिवस रोज येई, आणि काकू रोज परडी घेत.

प्रणाली येत राहिली. पूर्वीसारखी चहाला मागे थांबत नसे, आणि दोरा स्वतःच्या घरून आणी. काकूंनी त्याविषयी कधी शब्द काढला नाही.

पाडव्याच्या सुमारास काकूंची नवी गोधडी पुरी झाली. तीन कोपरे मिटले होते. आजवर मुली त्यांच्या दारी येत; त्या दिवशी काकू स्वतः गोधडी काखेत घेऊन आळीच्या टोकाला गेल्या. प्रणाली ओट्यावर बोंबील निवडत होती. काकूंना पाहून ती उठली, हात धुऊन आली, आणि काकूंनी काही सांगण्याआधीच तिने गोधडी हातांत घेतली.

“ठेवून जावा,” ती म्हणाली. “दोन दिस लागतील.”

कोणता दोरा, हे काकूंनी विचारले नाही. पाहण्यासाठी त्या थांबल्याही नाहीत. आलेल्या वाटेने, माडांच्या सावलीतून, त्या सावकाश घरी परतल्या.

जी पुढे गेली तिची वाट निष्कंटक असो. जी मागून पाहते आहे तिची दृष्टी निर्मळ होवो. आणि दोघींच्या हातांना सुईचे बळ दीर्घकाळ लाभो.